गुरम्माचा डावा हात

गुरम्मा पूजेला बसली की घरातले सगळे जपून वावरत. भक्तीमुळे नव्हे, भीतीमुळे. इतरांच्या घरी माणूस पूजा आटोपून शांत चेहऱ्याने उठतं. गुरम्मा उठायची ती फणफणत. तिचा नवरा मडिवाळप्पा, सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या भुसाराच्या दुकानाचा मालक, बायकोने कपाळाला विभूती लावलेली दिसली की चपला पायात सरकवायचा. "दुकान उघडायला उशीर झाला," असं भिंतीकडे बघून म्हणायचा आणि चहा न घेताच निघायचा. चहा तो पेठेतल्या हॉटेलात घ्यायचा, निवांतपणे.

याचं कारण गुरम्माच्या डाव्या खांद्यात होतं. तीन वर्षांपूर्वी, ऐन दुष्काळात, पाण्याच्या रांगेत भरली घागर उचलताना तिचा पाय घसरला. घागर वाचली, खांदा गेला. तेव्हापासून मानेपासून बोटांच्या टोकापर्यंत एक कळ दिवसभर वर-खाली फिरत असे. कधी मुंग्या, कधी आग, कधी कुणी शिरेला दोरी बांधून ओढावी तशी ओढ. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, "आजी, मानेत नस दबली आहे. गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण जाणार नाही. सवय करून घ्यायची." गुरम्माला राग आला. सवय! सवय विड्याची लागते, तपकिरीची लागते. दुखण्याची सवय कशी करून घ्यायची ते मात्र त्यांनी कागदावर लिहून दिलं नाही.

तिने तेलं चोळली, विटेचा शेक घेतला, अक्कलकोटहून कुणीतरी दिलेला लेप लावला. काही उपयोग झाला नाही. एका जागी बसवेना म्हणून ती सारखी फिरत राही. ओट्यावरून परसात, परसातून माजघरात, उगाच डबे उघडून बघ, घडीची चादर उलगडून पुन्हा घडी घाल. शेजारची तेलुगू विणकराघरची नरसम्मा दारात सूप घेऊन विड्या वळत बसे. ती हसून म्हणे, "गुरम्माक्का, तुमच्या पायाला चाक लावलंय काय?"

आणि रोज सकाळी ती पूजेला बसे. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि त्याच्यावर नजर लावायची, ही त्यांच्या लिंगायत घरची रीत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूने बजावलं होतं, "हात हलता कामा नये." गुरम्माने त्याचा अर्थ असा घेतला होता की हाताला कशाचाही टेका द्यायचा नाही. कोपर मांडीला लागलं तरी पूजा बाटली. खांदा चांगला होता तोवर काही अडलं नाही. आता मात्र हात वर धरला की कळ सुरू होई. ती दात आवळून बसे. हात थरथरे, तिचा जप जोरात होई. ओम नमः शिवाय म्हणताना ती जणू कुणाशी भांडतेय असं वाटे. लिंग काही तिला दिसत नसे. हात किती वेळ टिकतो, एवढंच दिसे. आणि मग डबी बंद करून ती उठे. समोर जो येईल तो तिच्या तावडीत सापडे.

बहुतेक वेळा समोर सून येई. दाक्षायणी. अक्कलकोटची, मॅट्रिक झालेली, कमी बोलणारी. मुलगा शिवयोगी एका बँकेत कारकून होता. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि दाक्षायणीला सातवा महिना लागला होता. त्या सकाळी तिने कडक भाकऱ्या केल्या होत्या. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची आणि चुलीच्या उबेला उभी करून कुरकुरीत वाळवायची, हे काम गुरम्माच्या हातचं. पूर्वी लग्नाकार्याला लोक तिला मुद्दाम बोलावून नेत. आता डाव्या हाताने कड सावरता येत नव्हती, म्हणून ते काम सुनेकडे गेलं होतं.

गुरम्मा पूजेतून उठली, स्वयंपाकघरात आली आणि तिने परातीतली वरची भाकरी उचलली.

"ही भाकरी हाय का गोवरी?"

दाक्षायणी चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली.

"तोंडात जीभ न्हाय का? म्हाताऱ्याचे दात पाडायचेत काय तुला?" आणि तिने ती भाकरी भिंतीवर भिरकावली. भाकरीचे तुकडे चुलीपर्यंत उडाले.

दाक्षायणीने खाली बसून ते तुकडे गोळा केले. पोट पुढे आलेलं असल्याने तिला वाकायला त्रास होत होता, तो गुरम्माला दिसला. दिसला, आणि राग आणखी वाढला. तो कुणावरचा राग होता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी गुरम्मा माजघरात आडवी पडली होती. रविवार होता, शिवयोगी घरी होता. पलीकडच्या खोलीत तो आणि दाक्षायणी बोलत होते. मध्ये फक्त पत्र्याची आडभिंत होती.

"बार्शीच्या शाखेत जागा निघाली आहे ना? तुम्ही अर्ज द्या."

"अव्वाला काय सांगू?" आईला तो अव्वा म्हणे.

"काहीही सांगा. रोज सकाळी देवाची घंटा ऐकली की मला घाम फुटतो. असं कुठल्या घरात होतं? मी बाळंतपणाला जाते, पण परत या घरात मी बाळ घेऊन येणार नाही. तुम्हाला पटो न पटो."

शिवयोगी म्हणाला, "देतो अर्ज."

गुरम्मा तशीच पडून राहिली. खांद्यातली कळ कानापर्यंत गेली. तिला एकच गोष्ट कळली. नातवंड जन्माला येणार, आणि ते तिच्या घरात येणार नाही. बार्शी काही लांब नव्हतं, पण रुसून गेलेल्या सुनेचं घर शेजारच्या गल्लीत असलं तरी लांबच.

दाक्षायणी माहेरी गेली. निघताना तिने वाकून नमस्कार केला आणि गुरम्मा म्हणाली, "नीट जा." आणखी पुष्कळ बोलायचं तिने ठरवलं होतं. जिभेवर तेवढंच आलं.

सोमवारी शरणम्मा यायची. ती पूजा सांगणाऱ्या जंगमाघरची विधवा म्हातारी. ओळखीच्या घरी जाऊन पसाभर धान्य घ्यायची, चहा प्यायची आणि पेठेतल्या बातम्या सांगायची. गुडघे वाकडे, पाठीला बाक, तोंड मात्र सरळ आणि तिखट. त्या सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली. गुरम्मा अजून पूजेत होती. शरणम्मा उंबऱ्याशी टेकली आणि बघत राहिली. गुरम्माचा थरथरता हात, आवळलेले दात, कपाळावरचा घाम.

पूजा संपली तशी ती म्हणाली, "यव्वा गुरम्मा, पूजा करतीस का कुस्ती खेळतीस?"

"हात दुखतो."

"मग खाली टेकव की."

"सासूबाईंनी सांगितलंय, हात हलायचा न्हाय."

"हलायचा न्हाय म्हणूनच टेकवायचा, खुळे! माझा नवरा जन्मभर मांडीवर कोपर टेकवून पूजा करायचा. त्यो काय नरकात गेला? गेला असंल तर दुसऱ्या कारणानं गेला असंल." ती स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली. "तुझ्या सासूला नस दबलेली सून मिळाली असती तर तिनं उशी दिली असती."

गुरम्माला हसू आलं नाही. तीस वर्षं पाळलेली गोष्ट चुकीची होती, हे इतक्या सहज कुणी सांगितलेलं तिला आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मांडीवर घडी घातलेली चादर ठेवली आणि कोपर तिच्यावर टेकवलं.

तेव्हा वेगळाच घोळ झाला. हात टिकवायची लढाई संपली आणि मन मोकळं सुटलं. दूध उतू गेलं का? नळ बंद केला का? शिवयोगीने अर्ज दिला असेल का? बार्शीची खोली कशी असेल? बाळ कुणासारखं दिसेल? तिने लिंगाकडे बघायचा प्रयत्न केला आणि कळ आली, कोपर टेकवलेलं असूनही आली. गुरम्मा उठून परसात गेली.

पुढच्या सोमवारी तिने तक्रार केली. "टेकवलं तरी दुखतंच की."

"दुखणारच. मी काय डॉक्टर हाय?" शरणम्माने बशीतला चहा फुंकला. "माझे गुडघे बघ. त्यांच्यातल्या कळेला मी सांगते, या बाई, बसा. नको म्हटलं तरी पाहुणी आलीच हाय, मग दारात उभी करून भांडण्यापेक्षा घरात घ्यावी. ती कुटं बसते, काय करते, नुसतं बघायचं. तू तिच्यामागं लाटणं घेऊन धावतीस, म्हणून ती सगळं घर फिरती."

"आणि मन पळतं त्याचं काय?"

"पळू दे. परत आण. उठलीस तर उठलीस, परत बस."

"आणि मग कमी होतं?"

"न्हाय," शरणम्मा सरळ म्हणाली. "पण पेठेत आणखी कुणाकुणाचं असं दुखतंय, ते आठवायचं. त्यांना बरं वाटू दे म्हणायचं."

"मला काय करायचंय त्यांचं?"

"मग एकटीच दुखत बस." आणि तिने धान्याची पिशवी उचलली.

गुरम्मा चिडली. पण ते वाक्य तिला सोडेना. बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं, असं सुरू झालं. काही सकाळी ती कळेकडे बघू शके. कळ कोपरापाशी येई, थांबे, मनगटाकडे उतरे, पातळ होई, पुन्हा दाट होई. तिच्याकडे नुसतं बघितलं तर ती एक कळ असे. तिच्यावर चिडलं की तीच कळ मानेत, डोक्यात, तोंडात येई आणि तोंडातून घरभर होई. हे तिच्या लक्षात आलं त्या दिवशी तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कळ इतकी जोरात आली की तिने बेलाची पानं भिरकावली. असं कितीदा तरी झालं.

मग तिने दुसरं करून बघितलं. कुणाचं दुखतंय? पहिल्यांदा कुणीच आठवेना, आणि याचीच तिला लाज वाटली. त्या दिवशी ओट्यावर आल्यावर तिने नरसम्माकडे नीट बघितलं. विड्या वळताना नरसम्माची मान सुपावर वाकलेली असे. मध्येच ती थांबे, मान मागे टाके, डोळे मिटे, आणि पुन्हा वाके. इतकी वर्षं ही बाई समोर बसून मान चोळत होती, आणि गुरम्माला फक्त तिचे टोमणे ऐकू आले होते.

"नरसम्मा, मान दुखती काय?"

"जन्माची दुखते, अक्का. आज काय विचारताय?"

गुरम्माने घरातलं तेल आणून दिलं. दुसऱ्या सकाळी पूजेत नरसम्मा आठवली. मग मडिवाळप्पा आठवला. गेली तीन वर्षं तो उपाशी पोटी घर सोडतो आणि दुपारी त्याला पित्त होतं. त्यालाही बरं वाटू दे, असं ती म्हणाली. त्या दिवशी तिने नवऱ्याला हाक मारली, "चहा घेऊन जा की!" मडिवाळप्पा चप्पल हातात घेऊन दारातच उभा राहिला. त्याला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलंय.

दाक्षायणीचं नाव मात्र तिला घेता येईना. तिथे आली की जीभ अडायची. तिला बरं वाटू दे, म्हणजे बार्शीला जाऊन बरं वाटू दे? माझं नातवंड घेऊन? गुरम्मा डबी बंद करून उठे आणि येरझाऱ्या घालत बसे.

फाल्गुनात निरोप आला. मुलगा झाला होता, आणि पाळण्याच्या दिवशी स्वामी बाळाला लिंग बांधणार होते. तेव्हा बाळाला वडिलांकडच्या वडीलधाऱ्या बाईने मांडीवर घ्यायचं असतं. ती बाई म्हणजे गुरम्मा.

शिवयोगी आदल्या दिवशीच अक्कलकोटला पोचला होता. गुरम्मा आणि मडिवाळप्पा मागून एसटीने गेले. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्डा खांद्यात मोजून घेत गुरम्मा उतरली तेव्हा तिचा चेहरा काळवंडला होता. दारात विहीण निंगव्वा उभी होती. तिने पायावर पाणी घातलं, गूळ दिला आणि कानडीतून सुरुवात करून मराठीत नेमकी जागा गाठली.

"या, या. आमच्या लेकीवर भाकऱ्या फेकता म्हणं?"

मडिवाळप्पा खाकरला. शिवयोगी आत गेला.

"लेकीवर न्हाय," गुरम्मा म्हणाली. "भिंतीवर फेकली."

"एवढी मेहेरबानी!"

उत्तर ओठावर आलं होतं. कळही मानेपर्यंत आली होती. गुरम्माने दोन्ही गोष्टींकडे बघितलं आणि गूळ तोंडात टाकला.

आत दाक्षायणी बाजेवर होती. तिला ताप होता. दूध गाठलं होतं, उजवी छाती दगडासारखी झाली होती. बाळ रडत होतं. निंगव्वा शेकाची पिशवी घेऊन आली आणि बाळंतिणीने नको म्हणायच्या आत तिने ती दाबली.

"हात लावू नकोस!" दाक्षायणी इतक्या जोरात ओरडली की बाहेर स्वामींशी बोलणारे पुरुष गप्प झाले. "कितीदा सांगायचं? चालती हो इथून! तोंड दाखवू नकोस!"

निंगव्वाच्या हातातून पिशवी खाली पडली. ती बाळाला उचलून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथून नाक ओढल्याचा आवाज आला.

गुरम्मा कोपऱ्यात उभी होती. पहिल्यांदा तिला जे वाटलं ते चांगलं नव्हतं. घे म्हणावं, असं वाटलं. मला नावं ठेवणारी, आता बघ. त्या विचाराची गोडी तिने तोंडातल्या गुळाइतकी स्पष्ट चाखली. मग तिने दाक्षायणीकडे बघितलं. आवळलेले दात, कपाळावर घाम, आणि ओरडून झाल्यावर डोळ्यांत आलेली ती भीती, हे आपण काय बोललो ही. गुरम्माला तो चेहरा ओळखीचा वाटला. आजवर तो तिने आतूनच बघितला होता, बाहेरून आता पहिल्यांदा दिसत होता.

ती बाजेशेजारी खाली बसली.

"लई दुखतंय?"

दाक्षायणीने तोंड भिंतीकडे केलं.

"सांगू नको. मी नुसती बसते."

आणि ती बसली. खांदा ठणकत होता, उठून फिरावंसं वाटत होतं. तळपाय नुसते शिवशिवत होते. बाहेर स्वामी खोकत होते, मुहूर्ताची घाई चालली होती. गुरम्मा उठली नाही. मनात ते वाक्य आलं आणि या वेळी जीभ अडली नाही. हिला बरं वाटू दे. कुठंही राहिली तरी.

शेवटी दाक्षायणी भिंतीकडे बघतच बोलली. सासूला ती कानडी रीतीने अत्ती म्हणे. "अत्ती, तुमच्या हाताला असंच होतं?"

"असंच न्हाय. पण ओरडावंसं वाटतं, ते असंच."

"रोज?"

"रोज."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"सांगू कसं? मी सासू की."

दाक्षायणीच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि छाती दुखली म्हणून तिने डोळे मिटले. "आईला उगाच बोलले मी."

"जाऊन सांगता येतंय. मला तीन वर्षं जमलं न्हाय." गुरम्मा थांबली. पुढचं वाक्य जड होतं. "भाकरी चांगली झाली होती. लई पातळ झाली होती. मला तशी करता येईना, म्हणून फेकली."

दाक्षायणीने मान वळवली आणि सासूकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तिने आईला हाक मारली. निंगव्वा आली, सुजल्या डोळ्यांनी, बाळ घेऊन. मायलेकींचं काय झालं ते दोघींनी कानडीत हळू आवाजात आटोपलं. त्यानंतर निंगव्वाने, या वेळी विचारून, शेकाची पिशवी ठेवली.

बाहेरून हाक आली. निंगव्वा बाळाला गुरम्माच्या डाव्या हातावर द्यायला गेली.

"तिकडं नको," गुरम्मा म्हणाली. "त्यो हात माझा राहिला न्हाय. उजवीकडं द्या."

हे तिने चार लोकांत पहिल्यांदाच कबूल केलं. स्वामींनी मंत्र म्हटले, लिंग बांधलं, बाळाने तिच्या लुगड्यावर शू केली, सगळे हसले. गुरम्मा एकदाही उठली नाही. उठावंसं मात्र तिला सारखं वाटत होतं.

निघताना ती बाजेपाशी गेली. दाक्षायणी म्हणाली, "बार्शीची खोली ठरली आहे, अत्ती. हे बोलले असतील तुम्हाला."

शिवयोगी काहीच बोलला नव्हता. गुरम्माने बाजेवरच्या दुपट्याची पुन्हा घडी घातली. "ठरली असंल तर जा."

"जाणारच आहे. पण त्याआधी सोलापूरला येते. श्रावणापर्यंत राहते. मग बघू."

"ये."

"पण तुम्ही चिडलात तर मीही उलट बोलणार. गप्प बसणार नाही आता."

"बोल की! घरात उत्तर देणारं कुणी न्हाय, म्हणून तर मी एकटीच बडबडत बसते."

परतीच्या एसटीत निम्म्या वाटेवरच गुरम्मा उठून उभी राहिली आणि उजव्या हाताने दांडी धरली. कंडक्टर ओरडला, "आजी, जागा हाय, बसा की!"

"बसवत न्हाय बाबा."

मडिवाळप्पाने तिच्या पदराला हळूच ओढलं. "सून काय म्हणाली?"

"येते म्हणाली. श्रावणापर्यंत."

"आणि मग? कायमची राहती का जाती?"

खड्डा आला. गुरम्माने डोळे मिटले, दात मात्र आवळले नाहीत.

"पुढचं मला काय ठावं? जरा गप बसा. हात लई दुखतोय, आधी त्याच्याकडं बघू दे."